शिकतच होता

कापडावरून फिरणाऱ्या कात्रीचा आवाज नीट ऐकायचा असेल तर भर दुपारी इथे आखातात, खैतानच्या गल्लीत शिरावं. बाहेर उन्हाने रस्ता पांढराफटक पडलेला असतो, हवेत बारीक धूळ तरंगत असते, आणि आत एकुलत्या ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात दाऊदचाचांची कात्री अशी संथ, अखंड सरकत असते की ती कुठे थांबली आणि कुठून पुन्हा निघाली हे कानाला कळत नाही. दिशदाशा, म्हणजे इथल्या पुरुषांचा तो पायघोळ झगा, शिवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात दुकानात शुभ्र कापडाचे ढीग लागतात, हिवाळ्याच्या तोंडावर राखाडी, तपकिरी लोकरी तागे येतात. चाचा कॅलेंडर बघत नाहीत, हाताला कापड जड लागलं की ऋतू बदलला असं समजतात. मी राहते त्या फिंतासहून माझे ब्लाउज घेऊन त्यांच्याकडे जाते. बायकांचे कपडे ते शिवत नाहीत, पण मराठी बोलते एवढ्या वशिल्यावर माझं काम होऊन जातं.

मूळचे ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. आकृती लहानखुरी, पाठ मेजावर वाकून वाकून तशीच राहिलेली, गळ्यात टेप आणि डोळ्यांत एक जुना, मुरलेला शिणवटा. उठताना आधी एक तळवा मेजावर टेकतात, मग दुसरा, आणि क्षणभर तसेच थांबतात. उठावं की पुन्हा बसावं हे ठरत नसावं. सुईत दोरा ओवायला आताशा मला सांगतात. मीही चाळिशी ओलांडलेली, त्यामुळे दोघं मिळून तो दोरा शोधत बसतो.

मेजाच्या पलीकडे एक स्टूल आहे. त्यावर त्यांचा मुलगा अश्रफ बसायचा. दिशदाशाची सगळी अब्रू कॉलरमध्ये असते, ती मानेभोवती ताठ उभी राहायला हवी आणि तरी टोचता कामा नये. अश्रफच्या हातची कॉलर तशी व्हायची. गिऱ्हाइकं आरशासमोर मान वळवून वळवून बघायची आणि शाबासकी द्यायची. मग चाचा मान खाली घालून म्हणायचे, शिकतोय अजून. मान खाली घातल्यामुळे त्यांचं हसू गिऱ्हाइकाला दिसायचं नाही, बाजूला बसलेल्या मला मात्र दिसायचं.

या धंद्याची एक रीत आहे. उस्ताद आपली स्वतःची कात्री शागिर्दाच्या हाती देतो, तो दिवस येईपर्यंत पोरगा तयार झाला असं म्हणायचं नाही. बापच उस्ताद असेल तर मुळीच नाही, कारण बापाच्या तोंडची स्तुती पोराला बाधते. चाचांनी कात्री द्यायचं मनाशी ठरवलं होतं. अश्रफ नवजात लेकीला बघायला रजेवर गावी निघाला होता, तो परत आला की द्यायची. पण गावापासून जवळच, हायवेवर, समोरून येणाऱ्या ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवलं, आणि तो परत आलाच नाही.

नुकसानभरपाईचा दावा तिकडच्या कोर्टात लागला. सून रुखसाना तारखांना जायची, पहिल्यांदा लेकीला कडेवर घेऊन, पुढे बोटाला धरून, आणि शेवटी ती पोर आईच्या पुढे पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढू लागली. एवढा काळ त्यात गेला. अश्रफ कमावत किती होता, यावर सगळं अडलं होतं. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, मदतनीस असंच लिहिलेलं. दोघांचा पगार दुकानाचा मालक बापाच्याच हातात द्यायचा. राहता राहिला चाचांचा शब्द. ते रजा काढून साक्षीला गेले. विमा कंपनीच्या वकिलाने अगदी सौम्यपणे विचारलं, तुमचा मुलगा पूर्ण कारागीर होता का?

"शिकतच होता, साहेब," चाचा म्हणाले.

मला त्या वकिलाचा फार राग आला होता, पण खरं तर त्याने आपलं काम केलं. चाचांनी शपथेवर खोटं सांगितलं असंही नाही. कात्री दिलीच नव्हती, मग पोरगा तयार झाला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्षानुवर्षांची ती विनयाची सवय, ज्याच्यासाठी पाळली तो मातीआड गेल्यावरही जिभेवर तशीच राहिली होती. कोर्टाने अश्रफला शिकाऊ मदतनीस धरलं, त्या बेताने भरपाई ठरवली, आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज दिलं. रुखसानाला घर चालवायला ते पुरणारं नव्हतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तुमी काय खोटं नाय बोललाव, अब्बा." ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं चाचा नंतर मला म्हणाले.

रुखसानाच्या वकिलाने अपिलाचा मार्ग काढला. अपील मान्य झालं तर सुनेची आणि नातीची सोय होऊन चाचा दुकान सोडून घरी जाणार होते; पेटीसुद्धा त्यांनी आवरायला घेतली होती. नवं प्रतिज्ञापत्र इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून हवं होतं, म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेले. रांगेच्या कडेला बसून मी मजकूर लिहून घेत होते. खिडकीतून समुद्रावरचा चकाकणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर येत होता आणि ते डोळे मिटून बसले होते. मग एकेक शब्द टाका घालावा तसा आला.

"लिहा ताई. त्याचा हात माज्यापेक्षा चांगला होता. मना ठाऊक होतं, मी बोललो नाय."

मी लिहिलं, पण पुढच्या ओळी मला नीट दिसल्या नाहीत. परतताना रस्त्यात ते स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "कोर्टाच्या पैशाला व्याज मिळालं, आनि माज्या त्या 'शिकतोय' बोलन्याला पन लागलं." मी गाडी चालवत राहिले.

वरच्या कोर्टाने अपील फेटाळलं. आधी शपथेवर एक सांगितलं, नंतर दुसरं सांगितलं, तर नंतरचं धरता येत नाही. दिलेली रक्कम व्याजासह कायम. कायद्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. चाचांनी पेटी पुन्हा पलंगाखाली सारली, इकामा आणखी एकदा वाढवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची कात्री पूर्वीच्याच लयीत चालू झाली.

एक गोष्ट मात्र बदलली. आता कुणीही कॉलरची तारीफ केली की चाचा मान खाली घालत नाहीत. हातातलं काम ठेवून, त्या माणसाकडे सरळ बघून, मोडक्यातोडक्या अरबीत, नाहीतर हिंदीत सांगतात की माझ्या मुलाची कॉलर याहून चांगली व्हायची. गिऱ्हाइकाला कळत नाही याचं काय करावं. तो मान डोलावतो, झगा हातावर टाकतो आणि जातो.

संध्याकाळी दुकान बंद करताना ते कात्री पुसतात. एकाने दुसऱ्याला कात्री द्यायची ती मूठ त्याच्याकडे करून, टोक आपल्याकडे ठेवून. चाचा ती तशीच मेजावर ठेवतात, मूठ रिकाम्या स्टुलाच्या बाजूला, आणि दिवा मालवतात. सकाळी मेजाला वळसा घालून, अश्रफच्या जागेवर उभे राहून, ती स्वतःच उचलून घेतात. गेलेल्या वर्षांचं व्याज कोर्ट लावू शकतं. पण वेळेवर न दिलेली वस्तू रोज पुढे करावी लागते, आणि ती घेणारा हात आठवणीत कधीच म्हातारा होत नाही.