भिंतीकडचं बी

मित्रांनो, मी एक जुना मातीचा घडा आहे. खरं तर घड्याचे सात तुकडे. रीफ नावाच्या डोंगररांगेत, केतामा गावाच्या वरच्या अंगाला, एका घराच्या पायरीपाशी पडून असतो.

घडा म्हटलं की पाणी, असं तुम्हाला वाटेल. माझ्यात पाणी कधीच नव्हतं, माझ्यात बी होतं. कीफचं बी. तुमच्याकडे ज्याला भांग म्हणतात, गांजा म्हणतात, तेच झाड. नाव ऐकून नाक मुरडू नका. त्या झाडानं आमच्या डोंगरात कुणाची घरं उभी केली आणि कुणाला तुरुंग दाखवला, तो माणसांचा हिशेब माणसांपाशी. माझ्याकडे सोपवलं होतं ते फक्त बी. तेवढंही मला सांभाळता आलं नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तमिमुंत नावाच्या बाईनं मला घडवलं. तिचं नवीन लग्न झालं होतं. ओढ्याच्या काठची माती, तिच्यात जुन्या फुटक्या भांड्यांचा कुटलेला चुरा, आणि चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत तिनं मला उभं केलं, गोट्यानं घासून गुळगुळीत केलं, आणि आतून देवदाराचं काळं, उग्र वासाचं तेल फासलं, म्हणजे किडा-मुंगी फिरकायला नको. तोंड अरुंद ठेवलं, त्यावर बुचाच्या सालीचं झाकण. तांबड्या मातीची नक्षी काढली ती एकाच अंगाला. दुसरं अंग भिंतीकडे असणार, तिथे कोण बघतंय, असं ती म्हणाली.

घराच्या उत्तरेला एक कोठी होती. तिला खिडकी नव्हती. हिवाळ्यात तिच्या भिंतीला बाहेरून हातभर बर्फ टेकायचा. तिथे मी राहायचो. पीक झोडपून झालं की तमिमुंत बी उन्हात नाही, सावलीत वाळवायची, एखादं दाताखाली फोडून बघायची, कट्कन आवाज आला तरच मला भरायची. वसंतात पेरणीच्या वेळी उघडायची. वर्षात एवढंच काय ते माझं तोंड उघडायचं. मधे कुणी झाकणाला हात लावला की ती ओरडायची.

"बी झोपलेलं असतं. झोपलेल्याला सारखं हलवून विचारतात का, झोप लागली का म्हणून?"

मी चांगलं काम करत होतो, पण मला कंटाळा यायचा. भिंतीपलीकडे पाहुण्यांची खोली होती. तिथून हसणं ऐकू यायचं, पुदिन्याच्या चहाचा वास यायचा. चहाच्या किटलीचं कौतुक व्हायचं आणि ते ऐकून माझा जळफळाट व्हायचा.

मग तमिमुंतचा मुलगा अल्लाल मोठा झाला आणि त्यानं परदेशी बी आणलं. ती झाडं दुप्पट वाढायची, पण पाणी मागायची, तेही अख्खा उन्हाळाभर. अल्लालनं विहीर खणली, पंप बसवला. आमच्या गावठी बियाला, ज्याला इकडे बल्दी म्हणतात, हिवाळ्यातल्या ओलीवर यायची सवय होती. त्याला आता कोण विचारतंय? तमिमुंतनं शेवटचं बल्दी बी मला गळ्यापर्यंत भरलं आणि झाकण लावलं. पुढच्या वसंतात मला कुणी उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अशी नऊ वर्षं गेली. ती मात्र अधूनमधून यायची, बोटाच्या सांध्यानं माझ्या पोटावर टकटक करायची, ऐकायची, आणि जायची.

ती गेली. तिच्या मरणाला चाळीस दिवस झाल्यावर अल्लाल कोठीत आला आणि त्यानं मला उचललं.

"आईच्या हातचा आहे हा. अंधारात का कुजू द्यायचा?"

त्यानं मला पाहुण्यांच्या खोलीत नेलं आणि लोखंडी शेगडीच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवलं. नक्षीचं अंग पुढे, शेगडीकडे.

त्याची बायको यामना म्हणाली, "अरे, तिथे तापतं."

"मग काय आईला थंडीत कुडकुडत बसवू?"

मी खूश होतो.

आता माझं कौतुक सुरू झालं. कुणी आलं की अल्लाल माझी नक्षी दाखवायचा, झाकण काढायचा, चार दाणे तळहातावर घ्यायचा. "बल्दी. आईनं भरलेलं. आता डोंगर पालथा घातलात तरी मिळायचं नाही." पाहुणे दाणे हुंगायचे, मान हलवायचे, दाणे परत माझ्यात पडायचे. शेजारी किटली उकळत असायची. आत बी तापत होतं, हे मला कळत होतं. शेगडीकडच्या अंगाचे दाणे हळूहळू कडवट वासाचे होत होते. ज्या कामासाठी मला घडवलं तेच मी विसरलो होतो, आणि विसरलो असंही म्हणवत नाही, कारण आठवत होतं. मला फक्त तिथून हलायचं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात शेगडी लालबुंद असताना मला तडा गेला. टक् असा आवाज झाला. एका पाहुण्यानं विचारलं, हे काय वाजलं? अल्लाल म्हणाला, लाकूड ओलं आहे. तडा केसासारखा बारीक होता, मानेपासून पोटापर्यंत, बरोबर तांबड्या पट्ट्याच्या कडेनं गेलेला. बघणाऱ्याला तो नक्षीचाच भाग वाटावा.

दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना यामना माझ्यापाशी थांबली. सासूसारखीच बोटाच्या सांध्यानं तिनं मला वाजवलं. तिला शंका आली असावी. पुन्हा वाजवलं, कान लावला. भरलेला घडा तसाही बसक्या आवाजात बोलतो. "ठीक आहे," असं स्वतःशीच म्हणून ती गेली. आणि मित्रांनो, मला बरं वाटलं. तडा सापडला असता तर तिनं बी काढून घेतलं असतं आणि मला पुन्हा अंधारात टाकलं असतं. त्या दिवशी मला जे बरं वाटलं ना, त्याची लाज मला फुटण्यापेक्षा जास्त वाटते.

त्यानंतर पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दोन गेली. पंपातून आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा. परदेशी झाडं कमरेएवढी होऊन उभ्या उभ्या वाळली. अल्लालच्या मेहुण्यानं तेत्वानमध्ये त्याला बांधकामावर काम बघून ठेवलं. घराला कुलूप लावायचं, शेळ्या विकायच्या, दोघांनी शहरात एका खोलीत राहायचं, असं ठरत आलं होतं. तेव्हा यामनानं माझ्याकडे बोट दाखवलं. खालच्या गावातल्या बायकांच्या मंडळाला सरकारी परवाना मिळाला होता, त्या बियाचं तेल काढायच्या आणि त्यांना बल्दीच हवं होतं.

"ह्या घड्यात अख्खं शेत आहे," ती म्हणाली. "ते उगवलं तर विहीर नको, पंप नको. मी इथून हलणार नाही."

"आणि नाही उगवलं तर?"

"तर मुकाट्यानं तुझ्याबरोबर येईन."

तिनं एक मूठ बी काढून पेल्यात भिजत घातलं, मग ओल्या फडक्यात गुंडाळलं. दहा दिवस वाट पाहिली. एकाही दाण्याला मोड आला नाही. फडकं उघडलं तर कुबट वास आला.

मग तिनं तमिमुंतची मैत्रीण हादा हिला बोलावलं. हादा मावशीचं वय ऐंशीच्या पुढे, पण दात सगळे शाबूत. तिनं एक दाणा फोडला आणि थुंकला.

"खवट. कुठे ठेवला होतात हा घडा?"

अल्लालनं शेगडीकडे पाहिलं. हादाला उत्तर मिळालं.

"तमिमुंत असती तर हीच शेगडी तुझ्या डोक्यात घातली असती. बाळा, आईची आठवण ठेवायची असते, भाजायची नसते." मग ती यामनाकडे वळली. "म्हातारं बी आहे. ह्याला पेला नको, अंगाची ऊब लागते. ओल्या लोकरीत बांध आणि पोटाला बांधून हिंड."

"आता बियालाही पोटाशी धरायचं?" अल्लाल म्हणाला.

"तू शेगडीवर शिजवलंस," यामना म्हणाली, "मी पोटावर जगवते."

दुसऱ्या मुठीतून तीन दाण्यांना पांढरी टोकं फुटली. पण भोवतीच्या मेलेल्या दाण्यांवर बुरशी आली आणि तिनं त्या तिघांनाही खाल्लं. यामना त्या लोकरीकडे बघत बसली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो.

हादानं माझ्या दोन्ही अंगांना एकेक तळवा लावला. शेगडीकडचं अंग कोमट, भिंतीकडचं गार.

"भिंतीकडचं बी जिवंत असेल," ती म्हणाली. "पण ओतलंत की सगळं एकत्र होणार, आणि मेलेलं जिवंताला कुजवणार. ह्याला आडवा करून वरून फोडायला हवा."

घरात अल्लालच्या आईच्या हातचं माझ्याशिवाय काही उरलं नव्हतं. तरी तो हातोडी घेऊन आला. यामनानं माझ्या गळ्यात लोकर ठासली, म्हणजे आतलं हलू नये. मला मेंढीच्या कातड्यावर आडवं केलं, नक्षी वर. अल्लालनं हातोडीआधी त्या नक्षीवरून एकदा अंगठा फिरवला.

पहिलाच तुकडा निघाला तो तड्याच्या बाजूनं. त्याची कड काळी पडलेली होती. खाली बियांचा ओला, काळा गोळा झाला होता.

"हा तडा आजचा नाही," हादा म्हणाली. "वर्षाचा तरी आहे. ह्यातून किटलीची वाफ आत गेली."

यामनाचा हात तोंडावर गेला. "मी वाजवून पाहिला होता," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

"तुझा काय दोष?" अल्लाल म्हणाला. "शेगडीपाशी मी ठेवला. आईचं बी मी मारलं."

मित्रांनो, माणसांशी बोलायची मला मुभा असती तर ती वेळ होती. दोघं माझ्या तुकड्यांपाशी बसून माझी चूक आपापसात वाटून घेत होते.

वरचं बी त्यांनी बोटांनी एकेक थर करून काढलं आणि फेकलं. भिंतीकडच्या अंगाला दोन मुठी कोरडे, चकचकीत दाणे उरले. यामनानं ते लोकरीत बांधून कमरेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्याखाली पोटाशी धरले. पाच दिवस ती तशीच भाकरी थापत होती, शेळ्या सोडत होती, वाकताना सांभाळून वाकत होती. सहाव्या दिवशी लोकर उघडली. एकसष्ट दाणे उगवले होते.

अल्लालनं हादाकडे पाहिलं. हादानं नकारार्थी मान हलवली.

"एवढ्यात पोट नाही भरायचं. यंदा ह्याचं नुसतं बी धरायचं, पुढच्या वर्षीही बीच. तिसऱ्या वर्षी शेत."

म्हणून घराला कुलूप लागलं नाही, पण अल्लाल एकटा तेत्वानला गेला. झाडं गुडघ्याएवढी होऊन फुलू लागली होती तेव्हा. मादी झाडांत बी धरू नये म्हणून नर झाडं उपटायची त्याची जुनी सवय. जाता जाता त्याचा हात पुढे गेलाच, आणि यामनानं त्यावर चापट मारली. "बी हवंय ना? मग नवरेही लागतात." तो हसला. गावातली माणसं त्याला आता 'बी भाजणारा' म्हणतात, त्यालाही तो हसतो. दर शुक्रवारी फोन करून विचारतो, किती उभी आहेत? शरद ऋतूत यामनानं पहिलं बी एका काचेच्या बाटलीत भरलं आणि उत्तरेच्या कोठीत नेऊन ठेवलं.

तुमच्या घरात काही जपायला दिलेलं असेल, तर ते कशानं जगतं हे आधी विचारा. आपल्याला ते कुठे शोभून दिसतं हे नंतर. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, आतून तडा गेला, तर कुणी वाजवून पाहायची वाट बघू नका. तुम्हाला बोलता येतं.

माझं मात्र एक काम करा. नुसती शेगडी असती तर अर्धं बी वाचलं असतं, बाकीचं त्या तड्यानं मारलं. कधी तेत्वानला गेलात आणि बांधकामावर विटा वाहणारा, आमच्या डोंगरातला अल्लाल भेटला, तर त्याला सांगा, घड्याला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला.