एक्याण्णव गुणांचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझे पोट फुगीर आणि तोंड निमुळते. व्हिस्कीचा वास उडून न जाता नाकाशी यावा, म्हणून मला असे घडवले. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातल्या एका लहान कारखान्यात, व्हर्लीन टॅकेट यांच्या टेबलावर मी आलो. पिंपातली व्हिस्की चाखून तिला शंभरपैकी गुण द्यायचे आणि ती बाटलीत जाईल की नाही ते ठरवायचे, हे त्यांचे काम. सगळे त्यांना मावशी म्हणत.

सव्वीस वर्षे आम्ही बरोबर काम केले. रोज सकाळी दहाला, जीभ ताजी असताना. त्याआधी कांदा नाही, कॉफी नाही, अंगाला अत्तर नाही. गोदामातला म्हातारा होबर्ट पिंपातून नमुना काढून आणायचा. मावशी माझ्यात बोटभर ओतायच्या, तोंड किंचित उघडे ठेवून वास घ्यायच्या, घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकायच्या. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा सगळे पहिल्यापासून. आमची व्हिस्की बर्बन जातीची, म्हणजे मुख्यतः मक्याची, पण तिच्यात राय हे धान्य इतरांपेक्षा बरेच जास्त. राय मोठे भांडखोर. कोवळेपणी जिभेवर नुसते ओरखडे काढते. आठ वर्षे आतून जाळलेल्या ओकच्या लाकडी पिंपात काढली की मग त्याच्यातून मिरी येते, पुदिना येतो, भाजलेल्या पावाची कड येते आणि सगळ्यात शेवटी काळ्या चेरीचा गोडवा.

"काय व्हर्लीन, आज किती?" होबर्ट विचारायचा.

"ऐंशी."

"अगं, माझ्या लग्नातसुद्धा इतकी चांगली नव्हती!"

"तुझ्या लग्नात काहीच चांगलं नव्हतं, होबर्ट. बायको सोडून."

एका सकाळी मावशींनी घोट घेतला आणि थुंकल्याच नाहीत. गिळला. मग त्यांनी वहीत लिहिले, एक्याण्णव. इतके गुण त्यांनी कधीच कोणाला दिले नव्हते. त्या मालाच्या बाटल्यांवर त्यांची सही आणि तो आकडा छापला गेला. आठवड्यात सगळ्या संपल्या.

त्याच वर्षी जुने मालक वारले आणि कारखाना त्यांच्या जावयाच्या, ग्रेडी स्टँपरच्या हाती आला. लोक एक्याण्णववाली बाटली मागत होते आणि आठ वर्षांचा माल उरला नव्हता. ग्रेडीने काय करावे? चार वर्षांची पिंपे फोडून त्याच बाटल्यांत भरली. तीच सही, तोच आकडा. मावशींकडे नमुने येणेच बंद झाले. तीन आठवडे माझ्यात थेंब पडला नाही.

मग वसंतात पाहुण्यांचा दिवस आला. अंगणात साठ माणसे जमली होती. ग्रेडीने सर्वांसमोर मला भरले आणि मावशींच्या हातात दिले.

"मावशी, सांगा पाहुण्यांना, कशी आहे आपली एक्याण्णव?"

मावशींनी वास घेतला. त्यांची बोटे माझ्या काचेवर आवळली. घोट घेतला, आणि पचकन गवतावर थुंकल्या.

"चौसष्ट."

लोक हसले. ग्रेडीही हसला. "मावशी गंमत करतायत."

"गंमत तू करतोयस, ग्रेडी. ही चार वर्षांची आहे. ओली फळी चाटल्यासारखी लागतेय. माझं नाव काढ त्या बाटलीवरून!"

"वय झालं की जीभ जाते हो," ग्रेडी पाहुण्यांना म्हणाला.

तेव्हा मागून होबर्ट पुढे आला. "जीभ शाबूत आहे तिची. पिंपं मीच फोडली. चार वर्षांचीच आहेत."

मावशींनी त्याच्याकडे पाहिले. "आणि हे तू मला आज सांगतोयस?"

होबर्टने मान खाली घातली. मला वाटले, आता लोक ग्रेडीला धारेवर धरतील. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने हात वर केला. "पण बाटली मिळेल ना? लेबल तेच आहे ना?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाटल्या खपल्या. माझा राग ग्रेडीवर आहेच, पण त्या वर झालेल्या हातावर जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी मावशी मला न्यायला आल्या. "पेला कारखान्याचा आहे," ग्रेडी म्हणाला. त्या तशाच निघून गेल्या. गावच्या साप्ताहिकात त्यांनी दोनच ओळी छापल्या, की आता विकली जाणारी व्हिस्की त्यांनी चाखली आहे आणि तिला चौसष्ट गुण दिले आहेत. त्यानंतर लेबलावरची सही गेली. आकडा राहिला.

आता मी काचेच्या कपाटात आहे. खालून दिवा लावलाय, पुढ्यात पाटी आहे, 'एक्याण्णव गुण याच पेल्यातून दिले गेले.' ते खरे आहे, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड होतो. होबर्ट दर रविवारी मावशींच्या दारात जाऊन उभा राहतो म्हणे. दार अजून उघडलेले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे आम्ही वस्तू शेवटी सांगतो. माझी निगा उत्तम राखली जाते, रोज पुसतात. तुम्ही निगा राखा ती तोंडावर खरे सांगणाऱ्या माणसाची. तो बोलेल तेव्हा त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. नंतर नव्हे, त्याच क्षणी.