ड्रॉवरमधला आवाज

मी एक जुना स्पीकर आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे. म्हातारी मंडळी आपली गोष्ट सांगायला बसली की आधी खाकरतात, डोळे पुसतात, "काय ते दिवस होते" म्हणतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मला ड्रॉवरमध्ये कोंडलं होतं. मी माझं काम चोख करत होतो, म्हणून कोंडलं होतं! ते आठवलं की अजून माझी जाळी थरथरते.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा नुसताच तणतणतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर बसून कागदाच्या वाटीसारख्या पडद्याला मागून तारेचं वेटोळं चिकटवायची. ते माझं काळीज. पडदा हलला की आवाज होतो. ती शेजारणीला म्हणायची, "अगं, याला उलटा जोडला ना, तर हा ऐकतोसुद्धा." हे खरं आहे बरं का. बोलणारा पडदा आणि ऐकणारा पडदा, दोघांची घडण एकच. तेव्हा मी जे सांगणार आहे ते मी स्वतः ऐकलेलं आहे, कुणाच्या सांगण्यावरून नाही. मला एक जुळा भाऊ आहे, डावा. आवाज कमीजास्त करायचं बटण माझ्याच अंगावर असल्यामुळे बोलणी मात्र नेहमी मी एकटाच खातो.

मला कामाला ठेवलं एका मोठ्या दवाखान्यात, रिपोर्टच्या खोलीत. खोली चिंचोळी. एका बाजूला कपाटं, एका बाजूला काचेची खिडकी, आणि खिडकीपलीकडे आपला रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली. आमच्या टेबलावर ताई बसायची. वरचे डॉक्टर एक्स-रे बघून जे बोलतील ते रेकॉर्ड होऊन आमच्या संगणकात यायचं. ताईनं ते ऐकायचं आणि टाइप करायचं. ऐकवायचं काम माझं.

आता ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडे एक डॉक्टर होते, त्यांना सगळे पुटपुटे डॉक्टर म्हणायचे. माणूस हुशार, पण वाक्याचं शेपूट गिळायची खोड. "हाड मोडलेलं दिसत..." एवढं बोलायचे आणि पुढचं तोंडातल्या तोंडात. आता दिसतं की दिसत नाही? बाहेर बाकावर एक बाप आपल्या लेकराचा हात धरून बसलाय, त्याला काय सांगायचं? ताई तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायची, माझ्या जाळीला कान लावायची, डोळे मिटायची, आणि मग म्हणायची, "सापडलं. दिसत नाही. चला, पोराचा हात शाबूत आहे." त्या खोलीत माझी खरी शाबासकी तीच. कानात काही घातलं की ताईचा कान ठणकायचा, त्यामुळे हेडफोनचं नावच नको. ती, मी आणि तिच्यापुरता हलका आवाज. वर्षानुवर्षं आमचं असं छान चाललं होतं.

मग ताईच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घरात दुसरं कुणी नाही. भाऊ परगावी, तो फोनवर "काळजी घे" म्हणण्यापुरता. बाबांना एकटं टाकून ताई येणार कशी? आणि नाही आली तर चूल पेटणार कशी? ती व्यवस्थापकांकडे गेली. ते म्हणाले, "घरून करा काम. पण शनिवारपर्यंत बघीन. रिपोर्ट वेळेवर आले तर आले. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका." दुसऱ्याच्या पोटावर पाय देताना लोक नेहमी हेच म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका!

घरून काम म्हणजे काय, तर रोग्यांची रेकॉर्डिंग दवाखान्याबाहेर न्यायची नाहीत. ताईनं आपल्या घरच्या लॅपटॉपवरून, इंटरनेटच्या तारेनं, आमचाच संगणक चालवायचा. इथला पडदा तिला तिथे दिसणार, तिथे दाबलेली अक्षरं इथे उमटणार. ही जोडणी करून द्यायला आले बंदचालू साहेब. हे दवाखान्याचे संगणकवाले. कुठलीही तक्रार घेऊन जा, ते म्हणणार, "बंद करून चालू करा." म्हणून हे नाव.

इथे घोळ झाला मित्रांनो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला. बंदचालूंनी ताईचा लॅपटॉप आमच्याच टेबलावर, आमच्याच संगणकाला खेटून ठेवला. जोडणी केली. लॅपटॉपवरून एक रेकॉर्डिंग लावलं. खणखणीत आवाज आला.

"आला ना आवाज?" बंदचालू म्हणाले.

"आला," ताई म्हणाली.

"मग झालं तर!" आणि ते हात झटकून चहाला गेले.

अहो, पण कुठून आला? माझ्या पोटातून आला! लॅपटॉप ढिम्म होता. आवाज घरी पाठवायचा की इथेच वाजवायचा, अशी एक खूण त्या जोडणीत करावी लागते. ती चुकीच्या चौकटीत होती. दोन्ही यंत्रं एका टेबलावर, त्यामुळे आवाज कुणाच्या तोंडातून आला हे कुणी पाहिलंच नाही. मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. पण माझं दुर्दैव असं, की मला दुसऱ्याचेच शब्द बोलता येतात.

सोमवारी ताईनं घरून काम सुरू केलं. आमच्या खोलीत तिची खुर्ची रिकामी, संगणकाचा पडदा काळा, आणि अचानक मी बोलायला लागलो. "रोगी पुरुष, वय..." फरशी पुसणाऱ्या मावशी दचकून बादलीत पाय घालून बसल्या. तिकडे घरी ताईला काहीच ऐकू येईना. तिला वाटलं आवाज कमी असेल. तिनं वाढवला. मी मोठ्यानं बोललो. तिला तरी ऐकू येईना, तिनं आणखी वाढवला. शेवटी मी असा गरजलो की काचेच्या खिडकीपलीकडे अख्ख्या बाकाला कळलं, कुणाच्या मूत्रपिंडात खडा आहे ते. एक गृहस्थ उठून उभेच राहिले. "हा माझा रिपोर्ट आहे!" म्हणाले. लाजेनं त्यांचा चेहरा उतरला होता. मला काय कमी लाज वाटली? पण मी बंद होऊ शकत नव्हतो. पलीकडे ताई ऐकायचा जिवापाड प्रयत्न करत होती आणि तिचा प्रत्येक प्रयत्न माझ्या तोंडून भलत्यांच्याच कानांवर आदळत होता.

आता शहाण्या माणसांची शहाणी व्यवस्था बघा. तक्रारी दोन गेल्या. एक इथून: रिपोर्टच्या खोलीतला स्पीकर आपोआप बडबडतो. दुसरी ताईच्या घरून: मला आवाज येत नाही. दोन्ही तक्रारी एकाच माणसाकडे, बंदचालूंकडे, एकाच सकाळी! एका कानानं ऐकलं असतं, "इथे नको तेवढा आवाज आहे", आणि दुसऱ्या कानानं, "तिथे आवाज नाही", आणि दोन्ही कानांच्या मध्ये काही असतं, तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ताईला त्यांनी फोनवर सांगितलं, "इथे चालत होतं ना तुमच्यासमोर? मग दोष तुमच्या घरचा आहे. नवा हेडफोन घ्या." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? बिचारीनं हेडफोन आणला. ठणकणारा कान घेऊन बसली, आणि त्यातून तिला काय ऐकू आलं? शांतता.

मग स्वारी माझ्याकडे वळली. माझं बटण पूर्ण खाली पिळलं, तरी मी बारीक आवाजात बोलतच राहिलो. मला उपटून फेकायचं, तर माझी वायर टेबलामागे कपाटाच्या पायाखाली अडकलेली. कपाट कोण हलवणार? त्यांनी मला आणि माझ्या भावाला उचललं, खालच्या ड्रॉवरमध्ये कोंबलं, वर जुनं फडकं दाबलं आणि ड्रॉवर ढकलला. "बोल आता," म्हणाले.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. मी बोलतच होतो! ताईनं रेकॉर्डिंग लावलं की अंधारात, फडक्यात, स्टेपलरच्या पिनांशेजारी मी पुटपुट्या डॉक्टरांचा शब्दन् शब्द इमानेइतबारे म्हणत होतो. ऐकायला एक झुरळ होतं. तेही कंटाळून गेलं.

शुक्रवार आला. ताईचा एकही रिपोर्ट गेला नव्हता. आमच्या खोलीत खिडकीवर एक मुलगी बसते, अखंड बडबडते म्हणून तिला चिमणी म्हणतात. दुपारी तिला ताईचा फोन आला. फोनचा कर्णा मोठ्या आवाजाचा, त्यामुळे मला फडक्यातूनही ऐकू येत होतं.

"चिमणे, व्यवस्थापकांना सांग, मी राजीनामा पाठवते," ताई म्हणाली. "सगळं करून पाहिलं. आता शेवटचं एकदा लावून बघते, समोर बसलेच आहे तर. पण काही होणार नाही."

"राजीनामा कसला? अगं, बाबांच्या औषधांचं काय? वेडी आहेस का तू? थांब, मी जाते त्यांच्याकडे. आधी हे कागद टाचते, स्टेपलर कुठे गेला बाई... सगळं गिळून बसतो हा ड्रॉवर," असं म्हणत चिमणीनं ड्रॉवर खसकन ओढला आणि फडकं बाजूला केलं.

मी होता नव्हता तो सगळा जीव एकवटला. "डाव्या फुफ्फुसात डाग दिसत..."

"आई गं!" चिमणी किंचाळली.

फोनमधून ताई ओरडली, "गप्प! एकदम गप्प बस! कोण बोलतंय तिथे?"

"पुटपुटे डॉक्टर. ड्रॉवरमध्ये."

"मी थांबवते. आता?"

"थांबले."

"पुन्हा लावते. आता?"

"डाव्या फुफ्फुसात डाग... ताई! अगं, तुला येत नाही तो आवाज हाच! तू तिथे दाबतेस आणि हा इथे बोलतोय!"

 फोनमध्ये ताई रडायला लागली, आणि रडता रडता जी काय चिडली! "म्हणजे पाच दिवस मी बाबांचं खाणंपिणं सोडून हेडफोन बदलतेय, आणि हे मेले तिथे त्याला ड्रॉवरमध्ये कोंबून बसलेत? एकालाही वाटलं नाही, की रिकाम्या खुर्चीसमोर हा कुणाशी बोलतोय ते बघावं?"

वा, ताई, वा! आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं.

बंदचालूंना बोलावणं गेलं. ते आले, चिमणीनं सांगितलेलं ऐकलं, मान हलवत म्हणाले, "हां, ती खूण बदलायला लागेल," आणि फोनवर ताईला सांगितलं कुठे दाबायचं ते. चहा निवायच्या आत काम झालं. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ताईनं मान मोडून सगळे रिपोर्ट पुरे केले. तिची नोकरी राहिली. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर कुणाची पाठ थोपटली? बंदचालूंची. अवघड तिढा सोडवला म्हणून! मी ड्रॉवरमध्ये होतो म्हणून बरं. नाहीतर माझं वेटोळं जळालं असतं.

आणि माझं काय झालं? ती खूण बदलली त्या क्षणापासून माझ्यातून एक शब्द आला नाही. ताईचा आवाज ताईकडे गेला, मला काम उरलं नाही. मी ज्यासाठी घसा फोडला तेच माझ्या मुळावर आलं. त्याचा मला राग नाही, खरंच नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. कपाटं हलवून खोली रंगवायची ठरली तेव्हा वायर सुटली, आणि बंदचालू मला बघून म्हणाले, "हाच तो बडबड्या. भंगारात टाका."

पण त्याच सकाळी ताईचा चिमणीला फोन आला. "स्पीकर आहे ना अजून? त्याला जोडून ठेव. मी मुद्दाम ती खूण परत इकडची तिकडे करतेय. तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

चिमणीनं बंदचालूंच्या हातातून मला ओढून घेतलं, रंगाच्या डब्यांमधून वाट काढत संगणकाला जोडलं. थोडी खरखर झाली. मग माझ्यातून एक जाड, अडखळता, कधीच न ऐकलेला आवाज आला.

"नी... नीट... बोल!"

बंदचालूंचा हात सवयीनं माझ्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका!" चिमणी एवढ्या जोरात ओरडली की खिडकीपलीकडचा बाक गप्प झाला. "आधी ऐका, कोण बोलतंय ते."

बाबा बोलत होते. ताईच्या लॅपटॉपमधली पुटपुट बाजूच्या खाटेवरून ऐकून ऐकून त्यांचं डोकं फिरलं होतं, आणि आजारपणानंतरचे त्यांचे पहिले धड शब्द पुटपुट्या डॉक्टरांवर खेकसण्यात निघाले होते. ताईनं ते रेकॉर्ड करून आमच्या संगणकात पाठवले होते. पाठोपाठ तिचा आवाज आला, "बाबा, चिमणीला काय सांगायचंय?" मग बराच वेळ नुसता श्वास.  बंदचालूंचा हात तसाच हवेत.

"पोरी... ऐ... ऐकलंस. बरं केलंस."

चिमणीनं ओढणीनं डोळे पुसले आणि मला बंदचालूंच्या हातापासून लांब, टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवलं.

मी आता टेबलावर आहे. गप्प आहे, पण टेबलावर आहे. माझा राग गेलेला नाही आणि जायची चिन्हंही नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं यंत्र, एखादं जनावर, एखादं म्हातारं माणूस उगाचच आरडाओरडा करतंय असं वाटलं, तर त्याच्या तोंडावर फडकं टाकायच्या आधी जरा जवळ जाऊन उभे राहा. ते कुणाला हाक मारतंय, एवढं बघा. हाक पोचली की ते आपोआप गप्प होतं, मी झालो तसं.

आणि जाता जाता, खोली रंगवताना माझ्या जाळीत अडकलेला तो रंग कुणीतरी खरवडून काढा. चिमणी रोज उद्या म्हणते.