क्विल्ट अंगावर घेत नाहीत

क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच की, असं मी एकदा चारचौघांत बोलून गेलो आणि पुढचा आठवडाभर घरात गार चहा प्यालो. शेवटी धाकटीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, मला समजावून सांगितलं.

"भाऊजी, गोधडी अंगावर घेतात. क्विल्ट भिंतीवर लावतात."

"आणि थंडी वाजली तर?"

"भिंतीला कशी वाजेल थंडी?" ती म्हणाली, आणि माझी कीव करत निघून गेली.

तर या भिंतीवरच्या, बाळाच्या दुपट्याएवढ्या गोधड्या शिवायची आमच्याकडे स्पर्धा भरते. तिला चॅलेंज म्हणायचं. दातांच्या दवाखान्यावर एक हॉल आहे, तिथे सगळ्याजणी आपापलं मशीन घेऊन जमतात. घेऊन म्हणजे नवऱ्यांच्या खांद्यावरून. विषय ऐनवेळी सांगतात आणि दोन तासांत कापणं, जोडणं, आत भर घालणं, अस्तर लावणं, कडेला पट्टी मारणं, सगळं उरकायचं. वेळ बघायला एक बाई आहेत. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं टणटण वाजणारं घड्याळ असतं. घंटा झाली की हात वर. त्यानंतर एक टाका घालायचा नाही की एक उसवायचा नाही. हा नियम त्या दर वेळी अशा आवाजात वाचतात, की मागच्या खेपेला यात कोणीतरी दगावलं असावं. वर मशीन घरघरतात, खाली डॉक्टरांचं ड्रिल घरघरतं, आणि मधल्या जिन्यात बसलेल्या आम्हा नवऱ्यांना कुठल्या यातना वरच्या आणि कुठल्या खालच्या, हे कळेनासं होतं.

जिंकणाऱ्या क्विल्टला वाचनालयाच्या जिन्यासमोरची भिंत मिळते. पुढच्या चॅलेंजपर्यंत ती तिथे लटकते, खाली शिवणारीच्या नावाची पाटी. आमच्या हिला ती भिंत हवी होती. दागिने नको, सहल नको, मी सुधारावं ही अपेक्षासुद्धा तिने कधीच सोडून दिली होती. फक्त ती भिंत.

हिचं शिवण असं, की फूटपट्टीने हिच्याकडे शिकवणीला यावं. चारही कोपरे चोख, टाके जुळ्या भावंडांसारखे. पलटून पाहिलं तर उलट बाजू कुठली यावर वाद व्हावा. ही घंटेच्या आधी काम संपवायची, सांडलेले दोरे गोळा करायची आणि उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन घरी यायची. उत्तेजनार्थ म्हणून चहाचा मग देतात. आमच्याकडे आता इतके मग झालेत, की पाहुणे आले की आम्ही त्यांना उत्तेजन देत सुटतो.

भिंत मिळायची धाकटीला. तिला सुईत दोरा ओवायला शिकवलं ते हिनेच. धाकटीचं काम कधी वेळेत पुरं व्हायचं नाही. दोरे लोंबलेले, एक बाजू उघडी, मागच्या खेपेला तर आत टाचणीच राहून गेली. त्या टाचणीवर परीक्षक इतका वेळ बोलले, की शेवटी धाकटीलाही वाटायला लागलं, आपण ती मुद्दामच ठेवली.

परीक्षक म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. जिन्यातली मंडळी त्यांना 'अवकाश' म्हणतात, कारण तो शब्द उच्चारल्याशिवाय ते खुर्चीतसुद्धा बसत नाहीत. त्याच खेपेला हिच्या क्विल्टसमोर मान तिरकी करून ते म्हणाले, "फार पूर्ण आहे हो हे. मग बघणाऱ्याने करायचं काय?"

"बघायचं," ही म्हणाली.

हिचा मग तिथेच पक्का झाला.

घरी आल्यावर हिने जाहीर केलं, "पुढच्या वेळी मी वाकडं शिवणार."

"जमेल?"

"त्यात काय जमायचंय? धाकटीला जमतं."

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. हिने आधी पुठ्ठ्याचे वाकडे साचे कापले. मग खडूने वाकड्या रेघा आखल्या, एक पुसली, पुन्हा आखली. मी पेपर वाचत असलो की विचारायची, "अहो, हा तुकडा किती वाकडा घेऊ? एक बोट की दीड?" तयार झालेला पहिला नमुना तिने माझ्यासमोर धरला.

"सगळे तुकडे एकसारखेच वाकडे आहेत," मी म्हटलं.

"मग? वाकडे आहेत म्हणून काय कसेही असावेत?"

याच दिवसांत धाकटी एक निळा, घेरदार, घोट्याखाली लोळणारा स्कर्ट घेऊन आली. "ताई, एवढा आखूड करून द्या ना. दुमडून शिवायचं म्हटलं की मला कंटाळा येतो." भिंत जिंकलेली बाई ही. हिने निमूटपणे स्कर्ट घेतला, घेर दुमडला आणि कडेने पांढऱ्या दोऱ्याची एकच टीप मारून दिली. एवढा मोठा घेर, पण टीप कुठे केसभरसुद्धा चुकली नव्हती.

"वाकडं शिवायचा सराव चाललाय ना तुझा?" मी विचारलं.

"हा कपडा आहे. घालायचा आहे," ती म्हणाली.

चॅलेंजच्या दिवशी धाकटी तोच स्कर्ट घालून आली. विषय निघाला 'सुटका'. मी दाराच्या फटीतून बघत होतो. पहिला तासभर हिने शब्द पाळला. तुकडे वाकडे कापले, वाकडे जोडले, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि लोक चोरून सिगारेट ओढतात तशी चोरून एक शिवण उसवून सरळ केली. ती सरळ झाल्यावर शेजारची वाकडी दिसायला लागली. ती सरळ केली. शेवटी बंडखोरी म्हणून एका कोपऱ्यात एक दोरा तेवढा लोंबता राहिला. ही त्याच्याकडे बघत बसली. घंटा व्हायला आली तसा हात आपोआप कात्रीकडे गेला, कच्चकन दोरा कापला, आणि हिने मोठा श्वास सोडला. विषयाला धरून तेवढंच घडलं.

घंटा वाजली. सगळ्या उभ्या राहिल्या. धाकटी बसूनच.

"उभं राहा," घड्याळवाल्या बाई म्हणाल्या.

"राहते ना."

ती अर्धवट उठली तर तिच्याबरोबर क्विल्टही उठली. झालं होतं असं, की पायाखालचं पायडल दिसावं म्हणून तिने स्कर्टचा घेर गोळा करून टेबलावर घेतला होता, आणि घाईघाईत क्विल्टच्या एका बाजूबरोबर या कडेपासून त्या कडेपर्यंत शिवून टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने एक शिवण पूर्ण केली होती, ती ही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ते उसवायचं द्या ना."

हिने टाके उसवायचं पातं उचललंही. बाई आडव्या आल्या. "घंटेनंतर एक टाका उसवायचा नाही."

"अहो, बाई अडकलीये."

"नियम आहे."

तेवढ्यात अवकाश येऊन पोचले. त्यांनी क्विल्ट पाहिली, स्कर्ट पाहिला, मग धाकटीचा लालबुंद चेहरा पाहिला. धाकटीने त्यांचा चेहरा पाहिला. आमच्या घरात शिवणारी कोणीही असो, चेहरे वाचणारी ती एकटीच. तिने दोन्ही हात सोडून दिले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सर, सुटका शिवायला बसले, आणि हे असं झालं बघा."

मास्तरांनी डोळे मिटले. "बाई आणि तिचं काम," ते म्हणाले, "यांच्यात अवकाशच उरलेला नाही." मग वाकून त्यांनी स्कर्टची कड बोटावर घेतली. "आणि या सगळ्या कल्लोळाच्या खाली ही एक शांत पांढरी रेषा. ही नसती तर या कामात काही राम नव्हता. ही कशी सुचली तुम्हाला?"

धाकटीने एकदा हिच्याकडे पाहिलं. "आतूनच आली, सर," ती म्हणाली.

ही हातात पातं धरून शेजारीच उभी होती. ते पेटीत ठेवायला तिला बराच वेळ लागला. मग तिचा मग तिच्या हातात देण्यात आला.

"हे असंच्या असं भिंतीवर जाईल," मास्तरांनी जाहीर केलं.

"असंच्या असं म्हणजे?" धाकटीचा आवाज पडला.

"स्कर्टसकट."

कात्री लावू देईनात. शेवटी पडदा धरून स्कर्ट अख्खा उतरवण्यात आला. धाकटी परकरावर, पडद्यातून नुसतं डोकं बाहेर.

"ताई, तुमची ती गोधडी द्या ना. कमरेला गुंडाळते."

"गोधडी नव्हे गं," ही म्हणाली. "क्विल्ट. क्विल्ट अंगावर घेत नाहीत."

"ताई."

"भिंतीवर लावतात म्हणे."

"ताई, लोक बघतायत."

हिने लोकांना आणखी थोडा वेळ बघू दिलं. मग पडद्यामागे गेली, क्विल्ट गुंडाळली आणि टाचण्या लावल्या. कोपऱ्यावर कोपरा चपखल बसला. सरावातली असती, तर धाकटी घरी तिरकी गेली असती.

पुढे या दोघी, मागे मी दोन मशीन घेऊन, कारण माझा भाऊ ऐनवेळी खाली दवाखान्यात दात दाखवायला बसला होता. बसथांब्यावर एका अनोळखी बाईने धाकटीला अडवलं.

"फार छान दिसतंय हो. कुठून घेतलंत?"

"अय्या, हे? हे मीच..." धाकटी म्हणाली आणि थांबली. हिचा हात तिच्या कमरेपाशी, मुख्य टाचणीवर जाऊन टेकला होता. उपटला नव्हता. नुसता टेकला होता.

"...मीच मागून घेतलंय," धाकटी म्हणाली. "ताईंनी शिवलंय. या आमच्या ताई."

ती बाई हिच्याशी बस येईपर्यंत बोलत होती. कोपरे कसे जुळवता, विचारत होती.

आता वाचनालयाच्या जिन्यासमोरच्या भिंतीवर निळा स्कर्ट लटकतोय, खाली पाटीवर धाकटीचं नाव. ती तो परत मागायला गेली होती, पण पुढच्या चॅलेंजपर्यंत मिळणार नाही, असं उत्तर आलं. हिची क्विल्ट तिने अजून परत केलेली नाही. थंडी वाजते म्हणते.

आणि ही? ही जिन्यापाशी थांबते. आजूबाजूला कोणी असेल, तर स्कर्टची कड हळूच उलटी करून दाखवते. "आतून बघा," म्हणते, "आतूनसुद्धा तशीच आहे." आधी ती वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या आणायची, पंधरा-पंधरा दिवस पुरायच्या. हल्ली पातळ पुस्तकं आणते. ती लवकर परत करावी लागतात.