नवी वलांडी

देवस्थळींनी तिसऱ्यांदा घड्याळ काढलं, पाहिलं आणि खिशात कोंबलं. मुंबईची आगबोट अजून दिसत नव्हती. एका जागी उभं राहवेना म्हणून ते पुन्हा रेवसच्या कोळीवाड्यामागं गेले. तिथं त्यांच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर खपून बोंबील सुकवायला बांबूंची नवी वलांडी उभारली होती. वलांडी झकास होती. तिच्यावर बोंबील मात्र औषधालाही नव्हता.

समाजशास्त्र गावात राहून, गावाच्या कामाला हात लावून शिकावं, या हट्टापायी त्यांनी कॉलेजात भांडण ओढवून घेतलं होतं. आज प्रिन्सिपॉल स्वतः पाहायला येणार होते. काम पटलं नाही, तर उद्यापासून पोरांनी मुकाट्यानं वर्गात बसायचं.

ते तरातरा किनाऱ्यावर आले. बायजा कोळीण जुन्या दोरीवर बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवत होती.

"बायजाबाई, नव्या वलांडीवर का नाही टांगत?"

"तिथं वारा कुठं हाय, मास्तर? सगला माल नासंल."

"अहो, मग होडीवाल्या धर्माजींनी तीच जागा कशी दाखवली?"

"त्याला होड्या वढायला किनारा मोकला पायजे. सुकवतं कोन? आमी."

"मग मला सांगायचं नाही?"

"इचारलं कवा तुमी?"

देवस्थळींच्या काखेत वही होती. बासष्ट घरांची माहिती, आणि सांगणारे झाडून सगळे बाप्ये! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. ते धक्क्याकडं धावले. चहापाणी उरकून साहेबांना घेऊन परत येतात तो काय, नवी वलांडी बोंबलांनी गच्च! बायजा आणि तिच्या शेजारणी केसर, रंगू शेवटच्या पाट्या रित्या करत होत्या.

"सायब जाय तवर ऱ्हाऊ द्या," बायजा देवस्थळींना हळूच म्हणाली. "आमच्या गावात पावन्याची मान खाली जायला नको."

"वा, देवस्थळी!" प्रिन्सिपॉल खूश झाले. "लोक वापरतायत की! चालू ठेवा तुमचं काम."

देवस्थळींनी रिकामी पाटी ओढली, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि बोंबील उतरवायला लागले.

"अहो, हे काय चालवलंय?" प्रिन्सिपॉल चकित झाले.

ओली पाटी पोटाशी धरून देवस्थळी बायजाकडं वळले.

"बाई, हे कुठं टांगू?"