आर्डिसच्या बोटाचं मेण

गेलन टॉलेफसन हा माणूस दार वाजवून कधी आत आलाच नाही. भावाचं घर म्हणजे आपलंच, असा त्याचा कारभार. भाऊ एप्रिलमध्ये गेला, तरी कारभार तोच. त्या दुपारी तो थेट गॅरेजमध्येच उगवला, काखेत कॉफीचा मोठा डबा घेऊन, आणि भावजय लांब दांड्याच्या लोखंडी प्रेससमोर बसलेली बघून जागीच थबकला.

"आर्डिस, तू काय करतेयस इथे?"

"केक भाजतेय. दिसत नाही?"

केक कसला! काडतुसं भरत होती बाई. म्हणजे भरायला बसली होती. भिंतीवरच्या खुंट्यांवर जी रायफल होती ती तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या आजोबांची. त्या मापाचं काडतूस दुकानात यायचं कधीच बंद झालंय. वापरलेल्या पितळी पुंगळ्या प्रेसच्या साच्यात दाबून पुन्हा मापाला आणायच्या, मग बुडाला ठिणगीची टोपी बसवून दारू, गोळी भरायची, तेव्हा कुठे ती रायफल तोंड उघडणार. व्हर्लिननं भरलेली काडतुसं गेल्या हिवाळ्यात संपली होती. एल्कच्या, त्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. आर्डिसला यंदा डोंगरावर जायचं होतं, ह्याच रायफलनं, व्हर्लिनच्याच वाटेनं. काडतुसं झाली नाहीत तर जाणं नव्हतं. तिचा सगळा जीव तेवढ्यात होता.

गेलननं डबा टेबलावर आदळला. आत त्याच्या स्वतःच्या रायफलच्या रिकाम्या पुंगळ्या खुळखुळल्या. दरवर्षी हा डबा यायचा आणि भरलेली काडतुसं घेऊन जायचा.

"बरं झालं भेटलीस. रायफल मी नेतो म्हणतो. दिवाणखान्यात लावीन, आजोबांच्या फोटोखाली. टॉलेफसनांची वस्तू टॉलेफसनांच्या भिंतीवर शोभते."

"आणि मी कोण? भाडेकरू?"

"तसं नाही गं. पण तुला तिचा उपयोग काय? काडतुसं भरणारा गेला."

हे वाक्य आर्डिसला असं झोंबलं म्हणता! भरणारा गेला म्हणे. दांडा ओढायचं काम व्हर्लिनचं, हे खरं. पण पुंगळीला मेण लावायचं काम लग्नापासून आर्डिसचं. लोकरीच्या चरबीचं पिवळट मेण, अंगठा आणि बोट यांच्यात ऊब देऊन मऊ करायचं, आणि पुंगळी त्यात नुसती फिरवायची. कमी लागलं तर पुंगळी साच्यात रुतून बसते. जास्त लागलं तर मेण पुंगळीच्या खांद्याशी, ती निमुळती होते तिथे, साचतं आणि पितळेला पोचा पडतो. व्हर्लिनचा हात जड. एकतर थापायचा, नाहीतर विसरायचा. म्हणून तो दांडा धरायचा आणि ती शेजारी स्टुलावर. बाहेर मात्र सगळे म्हणायचे, व्हर्लिनच्या काडतुसांना तोड नाही.

"वयाचा तरी विचार कर," गेलनचं चालूच होतं. "एकटी बाई डोंगरावर जाणार. लोक मला नावं ठेवतील."

"लोकांना दुसरे उद्योग नाहीत?"

रागारागानं तिनं हात घातला तो चुकीच्या ढिगात. मेण न लावलेली कोरडी पुंगळी उचलली आणि दिला दांडा ओढून. पुंगळी निम्मी वर गेली आणि अडली. तिथेच थांबायला हवं होतं. पण गेलन शेजारी उभा, आणि राग आंधळा. तिनं सगळं वजन टाकलं. मग दांडा उलटा ओढला तर पुंगळीच्या बुडाची कड फाटून खाली आली. पुंगळी वरच, साच्यात गच्च.

"आई गं!" आर्डिसच्या तोंडून निघालं.

गेलन हसला. मेला मनापासून हसला. "झालं! हा साचा आता कुठे मिळत नाही, ठाऊक आहे ना? संपला विषय." आणि त्यानं खुंट्यांवरून रायफल उचलली.

"ठेव ती जागेवर."

"आर्डिस, उगाच हट्ट करू नकोस."

"हट्टच आहे. ही पुंगळी नाही निघाली तरी रायफल तुला मिळणार नाही, समजलं? भिंतीवरच टांगायची झाली तर माझी भिंत काय पडलीय?"

गेलननं ठेवली नाही, पण नेलीही नाही. फजिती बघितल्याशिवाय तो जातोय कसला. रायफल धरून तो दाराला टेकला.

आर्डिसनं साचा प्रेसमधून सोडवला, आतली सळई काढली, साचा टेबलाच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, आवळला. पुंगळीच्या बुडाला ड्रिलनं भोक पाडायचं, त्याला आटे पाडायचे, वर जाड नळीचा तुकडा ठेवून बोल्ट घालायचा आणि पान्यानं आवळत राहायचं. बोल्ट पुंगळीला वर खेचतो. सांगायला सोपं. ड्रिल सटकलं, साच्याच्या भिंतीला ओरखडा आला, की साचा कायमचा गेला.  ड्रिल हलू नये म्हणून तिनं कोपर टेबलावर रोवलं. व्हर्लिन, तू आत्ताच मरायला हवं होतंस का, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. मग तिला त्याचाही राग आला.

भोक पडलं, आटे पडले, बोल्ट बसला. तिनं पाना फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. बोल्ट करकरला. गेलननं खाकरून घसा साफ केला, आता तो काहीतरी शहाणपण सांगणार, तोच टपकन् आवाज झाला आणि पुंगळी बाहेर आली. साचा आतून आरशासारखा स्वच्छ.

आर्डिसनं ती फाटकी पुंगळी फळीवरच्या जॅमच्या बरणीत टाकली. बरणीत तशाच भोक पाडलेल्या पुंगळ्या होत्या.

"ह्या कसल्या?" गेलननं विचारलं.

"व्हर्लिननं रुतवलेल्या. स्मशान म्हणायचा तो बरणीला."

"व्हर्लिननं? हॅ! त्याच्या हाताला जिल्ह्यात जोड नव्हती."

"हो ना. माझं ऑपरेशन झालं तेव्हाच्या आहेत काही. पोरीच्या, ओपलच्या, बाळंतपणाला गेले होते तेव्हाच्या काही. मी घरी नसले की हा एकटा बसायचा, आणि मी आले की मान खाली घालून बरणी दाखवायचा. मेण मी लावायचे, गेलन. प्रत्येक पुंगळीला. तुला सांगायची त्याला लाज वाटायची, म्हणून मीही गप्प बसले. तुझ्या दिवाणखान्यात ते एल्कचं डोकं आहे ना, येईल त्याला दाखवतोस ते? ते पाडणाऱ्या काडतुसालाही माझंच बोट लागलेलं."

गेलननं बरणीकडे बघितलं, बाईच्या बोटांकडे बघितलं. मग रायफल खुंट्यांवर ठेवली. जायला निघाला आणि दारात घुटमळला.

"तेवढा माझा डबा—"

"घेऊन जा."

"अगं, पण दरवर्षी—"

"दरवर्षी माझा नवरा होता. तुझ्या मापाची दुकानात मिळतात की, घे विकत. नाहीतर शीक. शिकायचं असेल तर दार वाजवून ये."

डबा काखेत मारून तो गेला. जाताना दार चांगलंच आपटलं.

आर्डिसनं साचा प्रेसमध्ये बसवला. बोटावर मेण घेतलं, ऊब येईतो चोळलं, पुंगळीवर फिरवलं. शेजारचं स्टूल रिकामं होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. दांडा ओढला. पुंगळी अलगद वर गेली, अलगद खाली आली. खांद्याला पोचा नाही, अंगावर ओरखडा नाही. "जमलं रे, व्हर्लिन," ती मोठ्यानं म्हणाली आणि मग मात्र पोटभर रडली.

बाहेर गेलनची गाडी अजून सुरू झाली नव्हती. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली.

"थांब," आर्डिस बाहीनं डोळे पुसत ओरडली. "माझी काडतुसं आधी होऊ देत."

आणि तिनं पुढची पुंगळी उचलली.