दिव्याखाली न उजळलेला वाडगा

मित्रांनो, मी काचेचा एक जुना वाडगा आहे. रंग गर्द हिरवा, बूड जड, काठाचा एक टवका उडालेला. हे तुम्हाला दिसेलच. दिसत नाही ते आधीच सांगतो: मी फार मत्सरी आहे.

वितळलेला लालभडक रस साच्यात दाबला आणि मी झालो. त्या रसात थोडं लोखंड होतं, म्हणून मी हिरवा. कितीतरी घरं फिरून शेवटी जुन्या बाजारात एका चटईवर येऊन पडलो. तिथून मला बाबांनी उचललं. चष्म्याच्या काचा घासणं हा त्यांचा धंदा आणि जुनी काच जमवणं हा नाद. मला उन्हात धरून ते म्हणाले, "हा युरेनियमचा दिसतोय."

बरोबरची मुलगी हसली. "बाबा, हिरवं दिसलं की तुम्हाला सगळं युरेनियमच वाटतं."

घरी पडदे ओढून त्यांनी माझ्यावर एक छोटा दिवा धरला. त्यातला अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण काचेत युरेनियम मिसळलेलं असेल तर ती त्याखाली हिरवीगार पेटते. मी काळाच राहिलो.

"फसलो की," बाबा म्हणाले आणि मला फळीवर ठेवून दिलं.

माझ्या शेजारी एक फुलदाणी होती. दिवसा पाहाल तर आजाऱ्यासारखी पिवळट. पण दिवा लागला की अशी उजळायची की पाहुणे बोलता बोलता थांबत. पेटायची ती, जळायचो मी. त्यात बाबांनी तो दिवा ठेवायला नेमकं मलाच निवडलं. तिचं सगळं वैभव माझ्या पोटात, आणि मला त्याचा काडीचा उपयोग नाही. कुठलीही नवी काच आली की ते मला तिच्याशेजारी, हातभर अंतरावर ठेवून दिवा लावत. ती उजळे, मी नाही. चारचौघांत माझं हसं करण्याचा हा प्रकार आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं.

मग बाबा गेले. घर रिकामं करायला त्यांची ती मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ आले. दिव्याखाली पेटणारी काच एक संग्राहक नेणार होता, बाकीची भंगारात जाणार होती. मी पुरता घाबरलो.

भावानं पडदे ओढले. फुलदाणी आणि मला एकमेकांना अगदी खेटून ठेवून त्यानं दिवा लावला.

"ताई, हा पण पेटतोय गं. बाबा उगाच नावं ठेवायचे त्याला."

माझ्या काठावर खरंच हिरवा उजेड होता. आयुष्यात पहिल्यांदा! मी हरखून गेलो.

"फुलदाणी जरा लांब घे बघू," ताई म्हणाली.

त्यानं ती लांब नेली. मी विझलो.

"तिचाच उजेड पडला होता त्याच्यावर."

"मग टाकू भंगारात?"

"नको." तिनं मला हातात घेतलं. "हा बाबांचा खात्रीचा वाडगा. दिव्यातून थोडा जांभळा उजेडही येतो, तो कुठल्याही काचेवर चमकतो, त्यानं माणूस फसतो. म्हणून शेजारी हा हवा. हा काळा आणि शेजारची काच हिरवी, असं दिसल्याशिवाय बाबा कुठल्याच काचेवर विश्वास ठेवायचे नाहीत."

"म्हणजे माझ्यासारखाच. तुझे मार्क आले की बाबा माझे त्यांच्या शेजारी ठेवायचे."

ताई हसली, आणि हसता हसता तिनं खिडकीचे पडदे उघडले.

फुलदाणी कागदात गुंडाळून गेली. मी ताईच्या घरी आलो. दिवा अजून माझ्याच पोटात असतो. कधीतरी ती पडदा ओढते, दिवा काढते आणि माझ्यावर धरते. मी उजळणार नाही, हे तिला ठाऊक असतं. तरी पाहत राहते. पूर्वी लोक मला ओलांडून फुलदाणीकडे पाहायचे, आता ती मला ओलांडून बाबांकडे पाहते. खरं तर मला त्यांचाही हेवा वाटायला हवा. करून पाहिला. जमला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी न चमकणारी वस्तू असेल. तिची धूळ पुसा, कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवा. आणि टाकण्याआधी, ती घरात कशाला होती ते कुणाला तरी विचारा. विचारायला माणूस आहे, तोवरच विचारा.